‘मीच ब्रूटस!’

(दृश्य : उत्तर ग्रीस. फिलिपीचे अवशेष, पलीकडे सपाट मैदान.)

इ.स.पू. 42 चा ऑक्टोबर. ज्युलियस सीझरच्या खुनाचा हिशेब या फिलिपीच्या मैदानावर चुकता होतो आहे.

त्या खुनात सगळ्यात जास्त सलते ती मोडलेली शपथ. सीझरच्या जिवाचं रक्षण करू, अशी शपथ रोमच्या सिनेटनं घेतली होती. 15 मार्च, इ.स.पू. 44 रोजी त्याच सिनेटच्या बैठकीत त्याच्यावर 23 वार झाले. घरी थांबू पाहणाऱ्या सीझरला मन वळवून बैठकीला घेऊन आला होता डेसिमस ब्रूटस. सीझरच्या मृत्युपत्रात त्याचं दुय्यम वारस म्हणून नाव होतं. आणि कटाचा म्होरक्या मार्कस ब्रूटस? यादवीतल्या फार्सालसच्या लढाईत तो सीझरच्या विरोधात होता. सीझरनं त्याला जीवदान दिलं, पुढे प्रेटरचं, म्हणजे रोमच्या वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याचं पदही दिलं.

‘ब्रूटस, तूसुद्धा?’ हा शेक्सपिअरच्या नाटकातला उद्गार साऱ्या जगाला पाठ आहे. पण त्याच नाटकात, शेवटच्या अंकात, एक चिमुकला प्रवेश आहे. तो ल्युसिलियसचा.

(दृश्य : संध्याकाळ. घोड्यांच्या टापा.)

फिलिपीला मार्कस ब्रूटससमोर उभे होते सीझरचा जुना सहकारी अँटनी आणि सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन. तिथल्या दुसऱ्या लढाईत ब्रूटसची फळी फुटली. शत्रूचे घोडेस्वार त्याच्या मागावर होते. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, ब्रूटसचा मित्र ल्युसिलियस मुद्दाम मागे राहिला आणि स्वारांना म्हणाला, मीच ब्रूटस. मला अँटनीकडे न्या. ऑक्टेव्हियनची मला धास्ती वाटते, अँटनीवर भरवसा आहे. स्वार हरखले. अंधार पडला होता, तरी त्यांनी पुढे वर्दी धाडली.

छावणीत गर्दी लोटली. कुणाला ब्रूटसची कीव आली. कुणाला वाटलं, जिवाच्या लोभानं हा असा हाती लागावा, हे त्याच्या लौकिकाला शोभत नाही. सामोरा आलेला अँटनी वाटेतच थबकला. ब्रूटसशी वागावं तरी कसं, हे त्याला उमगेना.

मग ल्युसिलियस पुढे आला. मार्कस ब्रूटसला कुणी जिवंत धरलेलं नाही, धरणारही नाही, असं त्यानं बेधडक सांगून टाकलं. मी तुमच्या माणसांना फसवलं आहे, त्याची शिक्षा भोगायला तयार आहे.

स्वार ओशाळले. अँटनीनं मात्र त्यांचीच समजूत घातली: शत्रू शोधायला गेलात आणि मित्र घेऊन आलात! त्यानं ल्युसिलियसला मिठी मारली.

तिकडे ब्रूटसनं आपल्याच तलवारीनं आयुष्य संपवलं.

(दृश्य : लिबियाचा ओसाड किनारा.)

पुढे अँटनी आणि ऑक्टेव्हियन एकमेकांचे वैरी झाले. अकरा वर्षांनी, इ.स.पू. 31 मध्ये, ॲक्टियमच्या आरमारी लढाईत अँटनी हरला. सैन्य ऑक्टेव्हियनला जाऊन मिळालं. लिबियाच्या किनाऱ्यावर अँटनी भटकत होता आणि सोबतीला दोनच मित्र होते. एक ग्रीक वक्ता ॲरिस्टोक्रॅटिस. दुसरा ल्युसिलियस.

त्यानं धनी बदलला, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. ब्रूटस जिवंत होता तोवर त्यानं ब्रूटससाठी मान पुढे केली. नंतर ज्यानं जीव राखला, त्याच्या मिठाला तो अखेरपर्यंत जागला. जीवदान ब्रूटसलाही मिळालं होतं, सीझरकडून.

शेक्सपिअरनं पुढे अँटनी आणि क्लिओपात्राचं नाटक लिहिलं, तेही प्लुटार्कच्याच आधारानं. अँटनीनं मला मार म्हटल्यावर धन्यावर वार करण्याऐवजी स्वतःला संपवणारा त्याचा सेवक इरॉस त्यात आहे. ल्युसिलियस नाही. तो तिथे असायला हवा होता.