गॅस गिझर पेटतो नि विझतो: आधी घड्याळ बघा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली की बेळगाव, खानापूरकडे पहाटेचं गार पाणी अंगावर घेववत नाही. आणि नेमका त्याच दिवसांत बाथरूमचा गॅस गिझर पेटतो, विझतो, परत पेटतो. मेकॅनिकला फोन करण्याआधी घड्याळ घेऊन गिझरसमोर उभे राहा. नळ सोडल्यावर ज्योत किती वेळ टिकते? दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं.

चार-पाच सेकंदांतच विझत असेल तर पहिला संशय सेलवर. बहुतेक गिझरला दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. ठिणगीची टकटक मंदावली की सेल उतरले समजा. दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा असं नको. सेल नवे घालूनही ज्योत जातेच, मग बर्नरवरची दांडी बघा. तिथे पांढऱ्या चिनी मातीत बसवलेल्या बारीक दांड्या असतात. एक ठिणगी टाकते, दुसरी ज्योत लागली का ते ओळखते. दुसरीवर काजळी बसली की तिला ज्योत 'दिसत' नाही आणि गॅसचा व्हॉल्व्ह बंद होतो. सिलिंडर बंद करा, सेल काढा, झाकण उघडा, झिरो पेपरने, म्हणजे अगदी बारीक सँडपेपरने, दांडी हलकेच घासा. दांडी वाकवू नका. तिचं टोक ज्योतीतच राहायला हवं.

मिनिट-दोन मिनिटं चांगला चालून बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप पेटतो, तेव्हा पाणी जास्त तापतंय. आतला तापमापक स्विच गॅस तोडतो, निवला की जोडतो. पाण्याची धार बारीक झाली की हे होतं. शॉवरची चाळणी काढा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर भोकांत बसलेला असतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून चाळणी अर्धा तास बुडवा. गिझरवर उन्हाळा-हिवाळा असं बटण असेल तर उन्हाळ्यावर करून बघा, बर्नरचा काही भाग बंद राहतो. तांब्याच्या नळ्यांतच क्षार साचले असतील तर मात्र ते घरी करायचं काम नाही.

ज्योत धारेबरोबरच मागेपुढे होत असेल तर दाब कमी. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा फुगतो, तो पिन ढकलतो, पिन स्विच दाबते, तेव्हा ठिणगी पडते. यासाठी साधारण पाव बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी गिझरच्या अडीच मीटर तरी वर हवं. टाकी बाथरूमच्याच स्लॅबवर ठेवली तर इतकी उंची मिळतच नाही. स्टँड घ्या, नाहीतर छोटा पंप. पावसाळ्यात लाल गाळ येतो त्या घरांनी गिझरच्या तोंडाशी असलेली जाळीही धुवावी: कॉक बंद, पान्याने नट सैल, जाळी ब्रशने साफ.

बरोबर वीस मिनिटांनीच बंद होत असेल तर काही बिघडलेलं नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये सुरक्षेसाठी तसा टायमर असतो.

सिलिंडर संपत आला की थंडीत गॅस पुरेसा बनत नाही. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात तासाला किलोच्या आसपास गॅस ओढतो, शेगडीच्या कितीतरी पट. दोन्ही एकाच रेग्युलेटरवर असतील तर शेगडी लावताच गिझर गळपटतो. सिलिंडर आडवा करू नका, त्यावर कढत पाणीही ओतू नका.

आता धोक्याचं. ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी दिसली तर गिझर त्याच दिवशी बंद. बर्नरच्या हवेच्या भोकांत धूळ, कोळ्याची जाळी अडकली की अर्धवट ज्वलन होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. थंडीत झरोका कापडाने बंद करून आंघोळ करणं तर निव्वळ आत्मघात. गिझर बाथरूमबाहेर, उघड्या हवेत बसवलेला बरा. ऑक्सिजन कमी होताच बंद पडणारा सेन्सर असेल, तर 'सारखा बंद पडतो' म्हणून तो काढायला कुणाला सांगू नका.

झाकण लावल्यावर सिलिंडर सुरू करून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर सिलिंडर लगेच बंद, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात नको, आणि घराबाहेर येऊन 1906 या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करा.