आधी आंबा, मग जंगल
(ग्रंथपाल दिनाच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘गावच्या वाचनालयात मुक्तद्वार पद्धत’. त्यावर येतेच. आधी पाच मिनिटांची एक गोष्ट सांगते. मागच्या बाकावर हसताहेत, म्हणजे माझी पाच मिनिटं त्यांनी पूर्वी भोगलेली आहेत.

1998 चा मे महिना. कोकण रेल्वे जानेवारीत पूर्ण सुरू झालेली. मी देवरुखची मुलगी, ग्रंथालयशास्त्राच्या कोर्सची इंटर्नशिप करायला मुंबईला निघाले. मांडीवर आत्याला द्यायची आंब्याची पेटी. ग्रंथालय मोठं, सार्वजनिक. नाव घेत नाही. माझी एखादी चूक अजून तिथल्या फळीवर बसलेली असायची.

वाटलं होतं, पहिल्या दिवशी दुर्मीळ पोथ्या वगैरे दाखवतील. हाती दिली ढकलगाडी. परत आलेली दीडेकशे पुस्तकं, वर्गांक बघून जागेवर लावायची. ड्युई दशांश पद्धत, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची रीत, मला तोंडपाठ. 630 शेती, 634 फळबागा, 891.46 मराठी साहित्य. परीक्षेत चांगले मार्क होते हो! दुपारपर्यंत गाडी रिकामी करून मी ऐटीत डबा उघडला.

तीनच्या सुमाराला वसईकडचे एक गृहस्थ आले. त्यांना आंब्याच्या कोय कलमावरचं पुस्तक हवं होतं. कार्डाच्या खणात कार्ड होतं. देवघेवीत नोंद, कालच परत आलंय. फळीवर मात्र पुस्तक नाही. गृहस्थ अर्धा तास बसले. मग चपला सरकवत ‘राहू द्या, पावसात कलमं बांधायची होती’ म्हणाले आणि गेले. त्यांची ती पाठ मला अजून दिसते.

ते गेल्यावर तिथले जुने शिपाईकाका स्टूल घेऊन आले. एकही कार्ड न बघता वनशास्त्राच्या रांगेच्या शेवटाला हात घातला आणि पुस्तक काढलं. मला विचारलं, “खयची गो तू?” म्हटलं, देवरुखची. “मगे आंब्याक जंगलाच्या पलीकडे कित्याक नेलंस?”

झालं होतं असं. आंबा 634.44 आणि वनशास्त्र 634.9. मी हिशेब केला, नऊ लहान, चव्वेचाळीस मोठे. म्हणून आंबा मागे. अहो, पण दशांश आहे तो! टिंबानंतरचा पहिला आकडा बघायचा, चार आधी आणि नऊ नंतर. चौथीतल्या पोराला कळतं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, ते काही असे फसले नसते. आज 12 ऑगस्ट, त्यांचाच जन्मदिवस, म्हणून माझा गुन्हा आजच कबूल करते.

काका म्हणाले, चोरीला गेलेलं पुस्तक निदान गेलं म्हणून कळतं. चुकीच्या फळीवरचं पुस्तक असूनही नसतं. त्या महिन्यात शिकले त्यातलं एवढंच टिकलंय.

चिठ्ठी आली का? दहा मिनिटं? बरं.

तर मुक्तद्वार, म्हणजे वाचकाला थेट फळीपर्यंत जाऊ देणं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात 1828 पासून वाचनालय आहे, आणि अजून आपण कपाटांना कुलपं लावतो. एका वाचनालयात (गाव सांगत नाही, सभासद इथे बसलेत) काचेच्या कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे आणि कार्यवाह लेकाकडे डोंबिवलीला. खिडकीतून विचारतात, नाव सांगा, लेखक सांगा, दाखल क्रमांक सांगा. मला काय वाचायचंय ते पाहिल्याशिवाय मला तरी कुठे ठाऊक असतं? बायका खिडकीतून मिळेल ते घेऊन घरी जातात. रंगनाथन 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं लिहून गेले, त्यातलं पहिलंच, पुस्तकं वापरासाठी असतात. ती पाच सूत्रं आपण फ्रेम करून लावतो, त्याच कपाटावर.

हरकत एकच घेतात: लोक पुस्तकं इकडची तिकडे करतील. करतील की! मी प्रशिक्षण घेऊन केली. त्याला उपाय सोपा आहे. दर खोलीत एक टेबल ठेवा आणि पाटी लावा, ‘चाळून झालेलं पुस्तक इथे ठेवा, फळीवर नको’. परत लावायचं काम ग्रंथपालाचं.

दुसरं, आपली हवा. आषाढ-श्रावणात बंद कपाटात दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. उघड्या फळीवरचं, हाताळलं जाणारं पुस्तक त्या मानाने बरं राहतं. फळी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पुस्तकं दाटून भरू नका. म्हणजे कुलपाने आपण चोर अडवतो आणि बुरशीला आत घेतो.

तिसरा मुद्दा पैशांचा होता, तो राहिला. सगळी कपाटं उघडा असं नाही म्हणत, एक फळी उघडा. शेतीची उघडा, इथे बागायतदार आहेत. आणि लावताना टिंब बघा.

हो हो, थांबते. शेवटची एस.टी. चुकली तर मला इथेच मुक्कामाला ठेवावं लागेल, आणि मी रात्रभर बोलेन.