सेल्टिकच्या यादीत नसलेला सेल्टिकचा खेळाडू

नमस्कार मंडळी!

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक या फुटबॉल क्लबकडून पहिल्या संघात आजवर कोण कोण खेळलं, याची यादी काढायला बसलात तर मोहम्मद सलीम हे नाव त्यात मिळणार नाही. एकही लीग सामना नाही, एकही कप सामना नाही. आणि तरी सेल्टिकच्या जुन्या गोष्टी सांगणारा माणूस फिरून फिरून या सलीमवर येतोच. मला आज तेच समजून घ्यायचंय. पहिल्या संघात एक मिनिटही न खेळलेला माणूस लक्षात कसा राहतो? आणि त्याच्याबद्दल जे सांगितलं जातं, त्यातलं खरं किती?

(स्क्रीनवर: सलीमच्या पायाला पट्ट्या बांधतानाचा फोटो)

हा फोटो बघा. खाली वाकून पट्टी बांधणारे गृहस्थ आहेत जिमी मॅकमेनेमी. स्वतः सेल्टिकचे एकेकाळचे मोठे खेळाडू, आणि तेव्हा क्लबमध्ये ट्रेनरचं काम बघायचे. ज्याच्या पायाला पट्टी बांधतायत तो सलीम. बूट नाहीत. म्हणजे घालायचे राहिलेत असं नाही, तो खेळणारच आहे असा, पट्ट्या बांधून, अनवाणी.

आता हा तिथे पोचला कसा? सलीम कोलकात्याचा, जन्म 1904 चा. तिथल्याच मोहमेडन स्पोर्टिंग क्लबचा उजव्या बाजूचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चेंडू पुढे नेणारा आघाडीचा खेळाडू. कूपरेजला रोव्हर्स कपच्या मॅचेस बघितलेल्या आपल्या जुन्या मुंबईकरांना मोहमेडनची ओळख करून द्यायला नको. या क्लबने 1934 साली कलकत्ता लीग जिंकली. तोवर ती कुठल्याच भारतीय क्लबला जिंकता आली नव्हती, ब्रिटिश संघांचीच मक्तेदारी होती. आणि एकदा जिंकून थांबले नाहीत, 1938 पर्यंत सलग पाच वर्षं जिंकले. अनवाणी खेळणारे आपले खेळाडू पावसाळ्यात, चिखलात मार खायचे, कारण समोरचे बूटवाले घट्ट उभे राहायचे. मोहमेडनने ओल्या मैदानावर बूट चढवायला सुरुवात केली, हे त्यांच्या यशाचं एक मोठं कारण मानतात. सलीमची खरी मजा मात्र मोकळ्या पायातच होती.

1936 मध्ये चीनचा ऑलिंपिक संघ बर्लिनला जाता जाता भारतात सामने खेळला. कोलकात्यात दोन सामने होते. पहिल्यात सलीम चमकला, दुसऱ्याच्या वेळी गायब! हाशिम नावाचा त्याचा एक नातेवाईक ब्रिटनमध्ये राहायचा. त्याने ठरवलं होतं की या पोराचा खेळ तिकडच्या लोकांनी बघायलाच हवा. बोट पकडली, कैरोमार्गे लंडन, आणि तिथून ग्लासगो.

पुढचा प्रसंग कुटुंबाने सांगितलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. हाशिम थेट सेल्टिकचे मॅनेजर विली मेली यांच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, भारतातून एक मोठा खेळाडू आलाय, चाचणी घ्या, फक्त एक छोटीशी अडचण आहे, तो अनवाणी खेळतो.

हा किस्सा सांगताना सगळे मेलींना हसवतात आणि पुढे जातात. मला वाटतं इथे जरा थांबायला पाहिजे. मेली म्हणजे कोण? 1888 साली सेल्टिकचा पहिला सामना झाला तेव्हा मैदानात असलेला माणूस. 1897 पासून 1940 पर्यंत मॅनेजर. असा माणूस कुणीही दारात आला म्हणून चाचणी घेईल? तर घेईल, आणि त्याला कारण आहे. ते कारण म्हणजे ज्यो केनवे.

1931 साली सेल्टिक अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलं होतं. तिथे फॉल रिव्हर नावाच्या संघाने त्यांना 1-0 ने हरवलं. फॉल रिव्हरच्या गोलमध्ये होता केनवे, मूळचा मॉन्ट्रियलचा. मेलींनी ते नाव डोक्यात ठेवलं. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला, ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबविरुद्ध त्यांच्या आयब्रॉक्स मैदानावर खेळताना सेल्टिकचा गोलकीपर जॉन थॉमसन समोरच्याच्या पायाशी झेपावला, डोक्याला मार बसला आणि त्याच रात्री गेला. 22 वर्षांचा होता. त्याच्या जागी कोण? मेलींनी अटलांटिक पलीकडून केनवेला बोलावून घेतलं. पुढे हा केनवे सेल्टिकसाठी आठ वर्षं गोलमध्ये उभा राहिला, दोनदा स्कॉटिश कप जिंकला, आणि कॅनडाकडून खेळलेला हा गडी स्कॉटलंडकडूनही खेळला. आज ग्लासगोबाहेर त्याचं नाव घेणारे किती असतील? थॉमसनचं नाव मात्र सगळ्यांना माहीत आहे.

तर 1936 मध्ये सलीम मेलींसमोर आला तेव्हा लांबून आलेल्या अनोळखी खेळाडूवर विश्वास टाकायचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. परदेशी माणूस ही त्यांच्यासाठी गंमत नव्हती.

सलीम दोन सामने खेळला. दोन्ही अलायन्समधले. अलायन्स म्हणजे मोठ्या क्लबांचे राखीव संघ आणि काही छोटे क्लब यांची स्पर्धा. हॅमिल्टनविरुद्ध 5-1, त्यात सलीमने पेनल्टीवर गोल केला. गॅल्स्टनविरुद्ध 7-1. हा गॅल्स्टनचा सामना 28 ऑगस्टला सेल्टिक पार्कवर झाला आणि दुसऱ्या दिवशी स्कॉटिश डेली एक्सप्रेसमध्ये सलीमवर मजकूर छापून आला. पायाच्या अंगठ्यावर चेंडू तोलतो, तिथून करंगळीपर्यंत घरंगळू देतो, फिरवतो, एका पायावर उडी मारत बचावपटूला वळसा घालतो, आणि मग चेंडू मधोमध टाकतो. वाचायला झकास आहे. पण बातमीदार जणू सर्कस बघायला आलाय. समोरचा बचावपटू किती ताकदीचा होता, हे त्यात कुठेच नाही. गॅल्स्टन हे एअरशरमधलं छोटं गाव, त्यांचा संघही तसाच. हे मी सलीमला कमी लेखायला सांगत नाही. नुसत्या हेडलाइनवरून 'सेल्टिकचा भारतीय सुपरस्टार' असे थंबनेल करणाऱ्यांसाठी सांगतोय.

आणि पहिल्या संघात जागा कुठे होती? सेल्टिकने नुकतीच 1935-36 ची लीग जिंकली होती. जिमी मॅकग्रोरीने त्या एका मोसमात लीगमध्ये 50 गोल ठोकले होते. उजव्या विंगवर जिमी डिलेनी, जो पुढे मँचेस्टर युनायटेडकडून 1948 चा एफए कप जिंकला. सलीमची जागाही तीच. दोन राखीव सामन्यांवर कुणी डिलेनीला बसवत नाही.

सलीमला मात्र घर आठवायला लागलं आणि तो परत निघाला. क्लबने थांबवायचा प्रयत्न केला. त्याच्यासाठी एक धर्मादाय सामना खेळवू आणि गेटच्या, म्हणजे तिकीटविक्रीच्या पैशातले 5 टक्के देऊ, असं सांगितलं. सलीम म्हणाला, ते अनाथ मुलांना द्या. ती रक्कम 1,800 पौंड होती, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं.

(स्क्रीनवर: आकडेमोड)

चला, गणित करू. 1,800 पौंड म्हणजे 5 टक्के, तर एकूण गेट झालं 36,000 पौंड. तेव्हा मैदानात शिरायचं साधं तिकीट साधारण एक शिलिंग, आणि एका पौंडाचे शिलिंग वीस. म्हणजे प्रेक्षक लागले सात लाख वीस हजार! पुढच्याच वर्षी, 1937 च्या स्कॉटिश कप फायनलला ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर जवळपास दीड लाख लोक होते आणि ती गर्दी आजही विक्रम म्हणून सांगतात. त्या गर्दीचं सगळं गेट शिलिंगाने मोजलं तर साडेसात हजार पौंड होतं, आणि त्याचे 5 टक्के पावणेचारशे. तेव्हा 1,800 हा आकडा आणि 5 टक्के ही गोष्ट एकत्र बसत नाहीत. एकतर आकडा फुगला, नाहीतर टक्केवारी चुकली. अनाथ मुलांची गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही, पण पुढच्या वेळी कुणी हा आकडा ठोकून सांगितला तर शिलिंग काढा.

मला जास्त भरवशाची वाटते ती नंतरची गोष्ट. सलीम म्हातारा झाला, आजारी पडला. मुलाने सेल्टिकला पत्र लिहिलं की वडिलांच्या उपचाराला पैसे हवेत. मुलानेच पुढे सांगितलंय की पैसे हा बहाणा होता, क्लबला वडील आठवतात का एवढंच त्याला बघायचं होतं. उत्तर आलं, आत 100 पौंडांचा ड्राफ्ट. त्याने तो वटवला नाही. सलीम 1980 साली गेला.

आता याच्या शेजारी दुसरं टोक ठेवा. दू वेई. चीनकडून 2002 च्या वर्ल्ड कपला गेलेला बचावपटू, शांघाय शेनहुआकडून सेल्टिककडे आलेला. 8 जानेवारी 2006, स्कॉटिश कप, समोर खालच्या डिव्हिजनमधला क्लाइड. दू वेई पहिल्यांदाच मैदानात, त्याच दिवशी रॉय कीनचाही सेल्टिककडून पहिला सामना. क्लाइडने 2-1 ने जिंकून धमाल उडवली. दू वेईला हाफटाइमला बाहेर काढलं, आणि पुन्हा तो सेल्टिककडून दिसलाच नाही. 45 मिनिटं. पण ती अधिकृत 45 मिनिटं! यादीत त्याचं नाव आहे, सलीमचं नाही. नोंदवहीचा हिशेब असा रोकडा असतो.

आणि या दोघांच्या मधे गिल हेरन. जमैकात जन्मलेला, अमेरिकेत खेळणारा सेंटर फॉरवर्ड. सेल्टिकच्या पहिल्या संघात खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. 18 ऑगस्ट 1951 ला मॉर्टनविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल केला. लोकांनी 'ब्लॅक ॲरो' म्हणून डोक्यावर घेतलं. एकूण सामने पाच, गोल दोन, मोसम संपला आणि क्लबने सोडून दिलं. ग्लासगोत असताना तो क्रिकेटही खेळायचा, हे आपल्या लोकांसाठी खास.

हेरनचा मुलगा म्हणजे अमेरिकेचा प्रसिद्ध कवी-गायक गिल स्कॉट-हेरन. वडील स्कॉटलंडला गेले तेव्हा हा अगदी लहान होता, आणि मग कित्येक वर्षं बापलेकांची गाठच पडली नाही. मोठेपणी त्याच्या कार्यक्रमांना लोक सेल्टिकच्या जर्सी घालून यायचे. त्यावर तो गमतीने म्हणायचा की बघा, इथेही बापानेच मला झाकून टाकलं.

आता तुमची पाळी. मुंबईतच बघा ना. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि 2010 ला क्लबच बंद झाला. त्याआधी मफतलाल, ऑर्के मिल्स, कॅलटेक्स असे कंपन्यांचे संघ होते. त्यातल्या कुणाकडून एखाद-दुसरा सामना खेळलेले काका, मामा, शेजारी तुमच्या ओळखीत असतील तर कमेंटमध्ये लिहा. टीमचा फोटो, कात्रण, जुना पास, काहीही असेल तर तेही सांगा. आणि हो, कुणी रकमेचा आकडा सांगितला तर तिकिटाचा दर आधी विचारा!