वारा पाठीवर, वारा तोंडावर

(दृश्य: पहाटेचा अंधार. फुलेवाडी नाका. गाडीच्या उजेडात ऊस भरलेली ट्रॉली.)

कोल्हापूरला समुद्र नाही. रंकाळा आहे, आणि त्याच्या लाटांचं कौतुक आम्ही समुद्राला लाजवेल इतकं करतो. पण ड्रोन हातात आला की रंकाळा पुरत नाही. त्यात शहराला लागून उजळाईवाडीचा विमानतळ, १९३९ सालापासूनचा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात उडवता येतं, पण २०० फुटांपर्यंतच. आमचा ड्रोन २४९ ग्रॅमचा. "एवढ्याशाला कसला नियम?" असं गल्लीतला प्रत्येक जण विचारतो. वजन कमी असलं की पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, इतकंच. आकाशाचे हिरवे (मोकळे), पिवळे (परवानगीचे), लाल (बंदीचे) भाग सगळ्यांना सारखेच. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनचा नकाशा निघण्याआधी बघायचा, पोचल्यावर नाही.

तर ड्रोन घेऊन कोकण किनाऱ्याकडं निघालो. बालिंगा, कळे, साळवण. ५५ किलोमीटरवर गगनबावडा.

(दृश्य: कड्यावरून कोकण. खाली पांढरं धुकं.)

थंडीतल्या पहाटे पहिला समुद्र इथंच दिसतो, धुक्याचा. खालचं वैभववाडी बुडालेलं, डोंगरांची टोकं तेवढी बेटांसारखी वर. इथं हात शिवशिवतात आणि इथंच चूक होते. ड्रोन उंची मोजतो ती उडालेल्या जागेपासून. कड्यावरून १०० मीटर वर नेला आणि दरीवर सरकवला, तर रिमोटवर आकडा १००च राहतो. जमीन मात्र शेकडो मीटर खाली गेलेली असते. मर्यादा आहे ती खालच्या जमिनीपासून ४०० फुटांची, म्हणजे १२० मीटरची. म्हणून आम्ही कडा सोडला नाही. करूळ घाटाची वळणं ड्रोनला कड्यालगतच ठेवून टिपली. परतीची उंची, म्हणजे ड्रोन आपोआप घरी येतो ती उंची, झाडांच्या शेंड्यांपेक्षा वर लावून ठेवली होती. ती विसरली की घरी येताना तुमचा ड्रोन कुठल्यातरी जांभळीत अडकलाच म्हणून समजा.

घाट उतरलो, तळेरे ओलांडलं. पुढं पडेल कॅन्टीन. कॅन्टीन हे गावाचं नाव कसं पडलं, हे चहा पिताना विचारायचं राहूनच गेलं. इथून एक वाट विजयदुर्गला जाते, एक देवगडला.

विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी वरून बघण्यासारखीच आहे. पण किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. त्यांच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन पिशवीतच राहतो. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात आमचा पन्हाळा, हा विजयदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग. आम्ही तटावरून चालत वाघोटण खाडी बघितली, साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढले आणि देवगडला मुक्कामाला गेलो.

(दृश्य: कुणकेश्वर. सकाळचे सात. देवळाची सावली वाळूवर.)

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवसा जमीन तापली की वारा उलटा फिरतो, तो खारा. दोन गुणांचा प्रश्न होता. त्याचा खरा अर्थ कुणकेश्वरला कळला.

सकाळी उन्हं पाठीमागून, पाणी काचेसारखं. ड्रोन समुद्रावर सोडला तर तो भुर्रकन गेला. वाटलं, काय बॅटरी आहे! वारा पाठीवर होता, हे डोक्यातच नाही. निम्म्या बॅटरीला फिरवला, आणि तो मतलई तोंडावर घेऊन येईना. ४० टक्के. ३० टक्के. खाली नुसतं पाणी. आमचा गडी रिमोट धरून देवळाकडं बघायला लागला. मग उंची कमी केली, कारण पाण्यालगत वारा थोडा हलका असतो, आणि ९ टक्क्यांवर तो हातात आला. वाळूवर उतरवला नाही. बारीक वाळू मोटरमध्ये गेली की संपलं.

तेव्हापासून आमचा हिशेब ठरला. सकाळी समुद्राच्या दिशेनं जायचं तर एक तृतीयांश बॅटरीत मागं वळायचं. दुपारनंतर खारा वारा परत आणायला मदत करतो, पण तो जोराचा असतो, चित्र थरथरतं आणि लेन्सवर मिठाचा थर बसतो. प्रत्येक उड्डाणानंतर ओलसर मऊ फडक्यानं पुसायचं. कंटाळा केला की महिन्याभरात स्क्रू गंजतात.

तिथून कुडोपी. मालवण तालुक्यातल्या या गावाच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत. जांभ्यात कोरलेल्या माणसांच्या, प्राण्यांच्या आकृती. कोकणातल्या अशा जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यात कुडोपीही आहे. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. ड्रोन २०-२५ मीटर वर गेला आणि स्क्रीनवर आकृती उमटली. यांना आकाशातून कोण बघणार होतं, असं वाटून गेलं. ऊन तिरपं असतानाच जायचं, म्हणजे कोरलेल्या रेघांत सावली भरते. आणि पाय जपून टाकायचा.

(दृश्य: तळाशील. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, मधे माडांची रेघ.)

कुणी एकच थांबा विचारला तर मी तळाशील सांगेन. गड नदी समुद्राला मिळण्याआधी किनाऱ्याला समांतर वाहते, आणि मधे उरते वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर घरं, माड, होड्या. रस्त्यावरून जाताना हे कळतच नाही. ८० मीटर वरून कळतं की हे गाव दोन पाण्यांच्या मधे धरून ठेवलंय.

त्या दिवशी रापण चालू होती. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकलेलं, किनाऱ्यावर दोन बाजूंना दोन रांगा दोर ओढत होत्या. वरून तो धनुष्यासारखा आकार हळूहळू मिटत जातो. आधी जाऊन विचारलं. लोक काम करत असताना डोक्यावर भिरभिरणारं यंत्र कुणाला आवडेल? एक आजोबा म्हणाले, "वरसून मासे दिसतत काय रे झिला?"

"नाही ओ आजोबा, पाणी गढूळ आहे."

"मगे काय उपेग त्याचो?"

हसले, पण उडवू दिला. पाच मिनिटांत एक काकण, म्हणजे समुद्री गरुड, घिरट्या घालत आला. आम्ही ड्रोन खाली घेतला. आकाश त्याचं आहे, आणि पंखा लागून त्याचा पंख तुटला तर आपण काय भरून देणार?

मालवण. सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ मध्ये कुरटे बेटावर उभा राहिला. १८१२ च्या तहापर्यंत मालवण आणि हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडं होता. त्यामुळे बोटीतून जाताना आमच्यातला प्रत्येक जण उगाच छाती काढून बसला होता. इथंही पुरातत्त्व खातं, इथंही पिशवी बंद.

(दृश्य: देवबाग. होडीच्या पातळीवरून पाणी.)

शेवटी देवबाग. कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा. वरून काढलेली तिची चित्रं सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. पण खाडीपलीकडं चिपीचा विमानतळ २०२१ पासून चालू आहे. नकाशा उघडला, ड्रोन परत पिशवीत घातला आणि होडीत बसलो. नदीतल्या वाळूच्या बेटावर उतरलो. घोट्याएवढं पाणी, एका पायाला कोमट, दुसऱ्याला गार.

होडीवाला म्हणाला, "बघून घेवा बेगीन. भरती इली की ह्यां सगळां पाण्याखाली जाता."

अर्ध्या तासात गेलंही.