गाडीखाली थेंब नाही, धूर नाही, मग इंजिन ऑइल जातंय कुठं?

नमस्कार मंडळी. माझ्या मागं ही जी बारा टायर गाडी उभी आहे, ती जालन्याहून सळई भरून हैदराबादला जाते. मीटरवर 7,80,000 किलोमीटर आहेत. मालक स्वतःच चालवतात. मागच्या महिन्यात आले आणि केबिनमधून उतरायच्या आधीच म्हणाले, "उस्ताद, गाडी ऑइल खायलीय. खाली थेंब नाही, धूर नाही. किट घेऊन येतो, इंजिन खोला."

मी म्हटलं, मालक, किट दुकानातच राहू द्या. आधी मला दोन खेपा द्या.

असं का म्हणालो, तेच आज सांगायचंय. इंजिन खोललं की लाइनर, पिस्टन, रिंगा, पॅकिंग सेट, हेडचं काम, लेथचं बिल, सगळं आलं. वर गाडी उभी, आणि हप्ता काही उभा राहत नाही. ज्याच्या घरात एकच गाडी आहे त्याचं वर्ष त्यात जातं. एवढं करून ऑइल पुन्हा कमीच होत राहिलं तर? असं होतं. माझ्याच हातून झालेलं आहे, पुढं सांगतो.

पहिलं काम मोजायचं. "रोज थोडं टाकतो" याला मोजणं म्हणत नाहीत. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी करा आणि सकाळी स्टार्टर मारायच्या आधी ऑइलची लेव्हल दाखवणारी काडी काढा. पुसा, परत घाला, मग बघा. ढाब्यावर गाडी थांबवली आणि लगेच काडी काढली तर ऑइल अजून वर हेडमध्येच असतं, काडी कमी दाखवते. ड्रायव्हर घाबरून लिटरभर टाकतो, लेव्हल वरच्या खुणेच्याही वर जाते, आणि जास्तीचं ऑइल क्रँकच्या फटकाऱ्यानं ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपातून, बाहेर पडतं. म्हणजे आपणच टाकायचं, गाडीनं फेकायचं, आणि आपणच म्हणायचं गाडी ऑइल खाते. जुन्या गाडीत काडी तरी त्याच इंजिनची आहे का, हेही बघा. कधीतरी तुटलेली असते आणि कुणीतरी दुसरीच घातलेली असते. पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा पुस्तकात दिलंय तेवढंच मोजून भरा आणि काडीवर लेव्हल कुठं येते ते बघा.

मग एक वही करा. तारीख, किलोमीटर, डिझेल किती भरलं, ऑइल किती टाकलं. ऑइल मापाच्या डब्यानं टाकायचं, अंदाजानं नाही. हिशोब डिझेलवर करायचा, कारण माल भरून घाट चढणारी गाडी आणि रिकामी पळणारी गाडी किलोमीटरवर तोलता येत नाही. समजा गाडी लिटरला 4 किलोमीटर देते. 10,000 किलोमीटरला 2,500 लिटर डिझेल लागलं. त्यात 5 लिटर ऑइल गेलं तर ते 0.2 टक्के झालं. एवढ्या चाललेल्या गाडीला हा आजार नाही. 0.3 पर्यंत मी कुणाला इंजिनला हात लावू देत नाही. 0.5 च्या वर गेलं की मात्र कारण शोधायचंच. या गाडीच्या दोन खेपा झाल्या 2,050 किलोमीटरच्या. डिझेल 510 लिटर, ऑइल 4 लिटर. म्हणजे जवळजवळ 0.8 टक्के. मालकांची तक्रार खरी आहे.

मोजताना एक फसवणूक होते ती सांगतो. डिझेल पंपाचा प्लंजर किंवा फीड पंप झिजला, नाहीतर नोझल गळायला लागलं, की डिझेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ऊस हंगामात गाडी कारखान्याच्या गेटवर नंबर लावून तासन् तास आयडलवर उभी असते. तेव्हा ऑइल घटलं तरी डिझेल त्याची जागा भरून काढतं, आणि काडी म्हणते सगळं ठीक. मग लांबची खेप लागते, इंजिन तापतं, डिझेल उडून जातं आणि एका दिवसात लेव्हल धाडकन खाली येते. म्हणून काडीचा वास घ्या. डिझेलचा वास आला, ऑइल बोटांत पाण्यासारखं पातळ लागलं, तर आधी पंप आणि नोझल दाखवा. असं ऑइल बेअरिंग खातं. तशी गाडी पुढं चालवू नका.

आता बाहेरची गळती. "खाली थेंब नाही म्हणजे गळत नाही" हे डोक्यातून काढा. इंजिन बंद असताना ऑइलला दाब नसतो. चालू असताना फिल्टरच्या, कूलरच्या, टर्बोच्या पाइपात तीन-चार किलोचा दाब असतो. ऐंशीच्या वेगात सुटलेलं ऑइल वारा मागं नेतो. ते गिअरबॉक्सवर, चेसीवर, स्टेपनीवर सापडतं, त्यावर धूळ बसते आणि सगळं एकाच काळ्या रंगाचं होतं. म्हणून आधी इंजिन धुऊन कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, पन्नास-साठ किलोमीटर चालवा आणि मग टॉर्च घेऊन खाली जा. पांढऱ्या पावडरवर ओली रेघ उठते. ती रेघ वरच्या टोकापर्यंत शोधत जायची, कारण ऑइल गळतं एका जागी आणि टपकतं दुसऱ्या जागी. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून ऑइल आलं की सगळे मागचं क्रँक सील म्हणतात. कितीदा तरी ते टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून उतरलेलं असतं. गिअरबॉक्स खाली घ्यायच्या आधी वर बघा. पावडरनंही कळलं नाही तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो, निळ्या दिव्याखाली गळती पिवळी-हिरवी दिसते.

रेडिएटर थंड असतानाच झाकण काढून बघा. वर तेलाचा तवंग, साय धरल्यासारखा थर दिसला तर ऑइल कूलर. चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात जातं. छोट्या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागं ब्रेकचा एक्झॉस्टर, म्हणजे हवा ओढणारा छोटा पंप, असतो, त्यालाही इंजिनचंच ऑइल जातं. अल्टरनेटर आतून ओला असेल तर तोही बघा.

आता मुख्य जागा. जिथं कुणी बघत नाही.

(कॅमेरा खाली, हवेच्या टाकीजवळ)

एअर ब्रेकच्या गाडीत हवा भरणारा कॉम्प्रेसर म्हणजे एक छोटं इंजिनच. त्याला स्वतःचा पिस्टन, स्वतःच्या रिंगा, स्वतःचा क्रँक, आणि ऑइल येतं ते इंजिनमधून. 7,80,000 किलोमीटर इंजिन फिरलं तेवढाच तोही फिरलाय. इंजिनच्या रिंगांची काळजी सगळ्यांना असते, याच्या रिंगांची आठवण हवा भरेनाशी होईपर्यंत कुणाला येत नाही. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर टाकीत जातं. टाकी भरली की जास्तीची हवा सोडणारा अनलोडर "फुस्स" करतो ना, त्या फुस्सबरोबर ते रस्त्यावर उडतं. गाडीखाली थेंब नाही, सायलेन्सरला धूर नाही, आणि ऑइल मात्र गेलेलं.

चाकांना ठोकळे लावलेत. ही पाण्याची बाटली मधून कापून ड्रेनखाली धरतो. आता कडी ओढतो.

बघा. दुधाच्या चहासारखं. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याचं पाणी निघतं, ते चालतं. पण हे बोटावर घ्या, चिकट आहे, तार सुटते. टाकी तीन दिवसांपूर्वी मीच पूर्ण रिकामी केली होती. तीन दिवसांत पाव बाटली, आणि जे रस्त्यावर उडालं ते वेगळं.

हा नुसता ऑइलच्या पैशाचा प्रश्न नाही. हेच ऑइल ब्रेक व्हॉल्व्हच्या आणि चाकाजवळच्या ब्रेक बूस्टरच्या रबराला लागतं. रबर फुगतं, ब्रेक उशिरा लागतो, उशिरा सुटतो. मांजरसुंब्याच्या घाटात माल भरून उतरताना उशिरा लागलेला ब्रेक म्हणजे काय, ते चालवणाऱ्याला सांगायला नको.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी माजलगावकडून उसाची एक दहा टायर आली होती. ब्रीदरमधून चिमणीसारखी वाफ येत होती. ऑइलचं झाकण उलटं ठेवलं तर उडून पडत होतं. मी म्हटलं बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनवरचा दाब खाली चेंबरमध्ये उतरतोय, रिंगा गेल्या. खोललं. लाइनर बाहेर काढले तेव्हा आत होनिंगच्या, म्हणजे लाइनर बनवताना घासून पाडलेल्या, तिरक्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. झिजलेल्या लाइनरमध्ये त्या वरच्या भागात पुसल्या जातात. त्या रेघा मी डोळ्यानं बघितल्या आणि तरी नवं किट टाकलं, कारण आधीच ठरवून बसलो होतो. पंधरा दिवसांनी मालकाचा फोन आला, ब्रीदर तसाच, ऑइल तसंच. दोष कॉम्प्रेसरचा होता. त्याच्या रिंगांमधून दाबाची हवा खाली उतरत होती आणि ऑइलच्या परतीच्या वाटेनं इंजिनच्या चेंबरमध्ये येत होती. मजुरी मी परत केली. किटचे पैसे आणि ऐन हंगामातले बारा दिवस मला परत देता आले नाहीत.

तेव्हापासून मी ब्रीदर एकदा बघून निकाल देत नाही. दोनदा बघतो. टाक्या रिकाम्या करून इंजिन चालू करायचं. हवा भरत असताना ब्रीदर किती फुंकतो ते बघायचं. टाकी भरून फुस्स झालं, कॉम्प्रेसर मोकळा झाला, की पुन्हा बघायचं. फुंक एकदम कमी झाली तर हवा कॉम्प्रेसरची. दोन्ही वेळा तेवढीच राहिली तर मग रिंगांचा विचार.

(ब्रीदर पाइपसमोर हात धरून)

या गाडीत हवा भरताना हाताला झोत लागतो. आता... फुस्स झालं. आता नुसती ऊब लागते. मालक, तुम्ही पण हात धरा.

कॉम्प्रेसर नवा बसवताना तो का गेला तेही बघायचं. लाइनीत हवा कुठं गळत असेल तर त्याला दिवसभर भरतच राहावं लागतं. एअर फिल्टर चोक असेल तर तो हवेऐवजी ऑइल ओढतो. आधी ते मिटवा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

टर्बो आता थोडक्यात. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणारा होज काढा. आत बोटाला पातळ ओल लागली तर घाबरू नका, ब्रीदर इनटेकला जोडलेल्या गाड्यांत तेवढी असते. होजच्या तळाला ऑइल साचलेलं असेल तर टर्बो तपासायचा. पण टर्बो बदलायच्या आधी त्याची ऑइल परतीची नळी बघा. ती कार्बननं भरली की चांगला टर्बोही ऑइल फेकतो. आणि इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल तसंच ठेवून गाडी पळवू नका. एखाद्या दिवशी इंजिन तेच ऑइल जाळायला लागतं, मग चावी बंद केली तरी थांबत नाही, रेस वाढतच जाते. अशा वेळी हवेचं तोंड फळीनं बंद करायचं. हात किंवा कापड घालायचं नाही, आत ओढलं जातं.

घाट उतरून खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला आणि निळा धूर आला, नाहीतर सकाळी स्टार्ट करताना एक फुगा आला आणि मग साफ झालं, तर व्हॉल्व्हचे सील आणि गाइड. ते काम हेडवरच होतं. सतत निळा धूर, चढावर जास्त, ब्रीदर दोन्ही वेळा सारखाच फुंकतोय, कॉम्प्रेशन कमी, तर रिंगा. तेव्हा किट टाकायचंच. पण टाकायच्या आधी एअर फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर तीच तुमच्या रिंगांची मारेकरी. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ, खडी क्रशरची धूळ, आणि ड्रायव्हर फिल्टर टायरवर आपटून साफ करतो. कागद आतून चिरतो, दिसत नाही. ढिली क्लिप, फाटका होज हेही तसंच. ते दुरुस्त न करता किट टाकलं तर तेही लवकर जातं.

बीएस-6 गाडीवाल्यांनी धुराची वाट बघू नका. सायलेन्सरमधला फिल्टर धूर अडवतो. ऑइल जळलं की त्याची राख त्याच फिल्टरमध्ये बसते. काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे गाडी फिल्टर तापवून साफ करते तेव्हा, जळते, राख जळत नाही. रिजनरेशन वारंवार मागायला लागली तर वही उघडून ऑइलचा हिशोब बघा. कमी राखेचं, सीके-4 दर्जाचं ऑइल सोडून स्वस्तातलं भरू नका.

तर या गाडीचं. पावडर मारून बघितली, फिल्टरच्या बुडाशी थोडी ओल होती, सील बदललं. रेडिएटर साफ आहे. टर्बोच्या होजमध्ये पातळ ओल आहे, साचलेलं काही नाही. कॉम्प्रेसर आज बदलतोय, टाक्या आणि लाइनी धुऊन काढतोय. पुढच्या डाव्या बूस्टरचं रबर फुगलेलं आहे, तेही बदलतोय. काडी वरच्या खुणेवर आणून मीटरचा आकडा वहीत लिहिलाय.

मालक, उद्या माल भरा. हैदराबादच्या दोन खेपा करा, टाकी रोज संध्याकाळी सोडा आणि काय निघतं ते लिहा. आल्यावर सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, इथंच याच फरशीवर काडी काढू.