शून्य रोधाचे वीजबिल

(सांगली येथे अभियंत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

‘अतिवेगवान विद्युत यंत्रांतील उच्च तापमान अतिवाहकांची ऊर्जाहानी’ असा विषय पत्रिकेवर छापूनही आपण इतक्या संख्येने आलात, याचे श्रेय विषयाला द्यावे की नंतरच्या चहाला, हे मी ठरवू शकत नाही. ‘उच्च तापमान’ या शब्दांना मात्र कोणी फसू नये. १९११ मध्ये डच शास्त्रज्ञ कामरलिंग ओन्नेस यांना पाऱ्यात अतिवाहकता, म्हणजे अतिथंड पदार्थाचा विद्युत रोध नाहीसा होणे, आढळली ती ४.२ केल्विनला (केल्विन उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजतात), १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांची वाट दाखवली आणि पुढच्याच वर्षी हा आकडा ९० केल्विनच्या वर गेला. म्हणजे उणे १८० अंशांची ही थंडी. तिला ‘उच्च’ म्हणणारे मे महिन्यात सांगलीला आलेले नसावेत.

माझी खरी तक्रार ‘शून्य’ या शब्दाविषयी आहे. रोध शून्य, म्हणून हानी शून्य, असे विद्यार्थी बिनदिक्कत लिहितात. पहिले विधान स्थिर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, प्रवाहापुरते खरे आहे. दुसरे त्यातून निघत नाही.

नोकरीच्या आरंभी तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या एका शीतगृहाचे वायरिंग माझ्याकडे आले होते. हमालांना बॉक्सवरचे नंबर नीट दिसावेत म्हणून मी प्रत्येक खोलीत शंभर वॉटचे दिवे हवे त्याच्या दुप्पट लावले. सातवीपर्यंत शिकलेल्या मालकांनी ते पाहून विचारले, “सायेब, ह्या दिव्याचं बिल आमी किती येळा भरायचं?” मी म्हणालो, “एकदाच.” “न्हाई,” ते म्हणाले, “एकदा पेटवायचं, अन् एकदा त्याची ऊब भाईर काढायचं.” दुसऱ्या दिवशी मी निम्मे दिवे उतरवले, त्यांतले चार अजून आमच्या माळ्यावर आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा उद्धार होतो.

तिथे शंभर वॉट उष्णता बाहेर टाकायला कॉम्प्रेसरला तीस-चाळीस वॉट पुरत. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला मात्र एका वॉटसाठी आदर्श यंत्रालाही २.९ वॉट लागतात, आणि प्रत्यक्षात दहा ते वीस. २० केल्विनला आदर्श हिशेबच १४ वॉटचा. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या कितीतरी पट.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत आणि जाहीर केलेला विषय अजून व्हायचा आहे.

तर, बदलते चुंबकीय क्षेत्र अतिवाहकात शिरताना आणि बाहेर पडताना त्या क्षेत्राच्या चुंबकीय रेषा पदार्थातील दोषांना अडकतात, आणि त्या ओढून सोडवण्यात प्रत्येक आवर्तनाला ठराविक ऊर्जा उष्णता होऊन जाते; या हानीचा, म्हणजे हिस्टेरेसिसचा, हिशेब भौतिकशास्त्रज्ञ बीन यांनी १९६२ मध्ये मांडला. आज अतिवाहक तारेऐवजी पातळ धातूच्या टेपवर बसवतात; या टेपमध्ये अतिवाहक थर एक-दोन मायक्रॉनचा असला, तरी टेपची रुंदी चार मिलिमीटर असते, आणि क्षेत्र तिच्या पृष्ठाला लंब असले की ही रुंदीच नडते. १०० अँपिअर वाहून नेणाऱ्या अशा टेपवर ०.१ टेस्लाचे लंब क्षेत्र बदलत राहिले, तर ढोबळ हिशेबाने दर आवर्तनाला मीटरमागे ०.०४ ज्यूल जातात. ५० हर्ट्झला हे २ वॉट झाले. परंतु चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेऊ लागली की वारंवारता ५०० हर्ट्झ होते, हानी मीटरमागे २० वॉट, आणि ती उपसायला किमान दोनशे. शिवाय टेपवरील तांब्याच्या आवरणातील एडी करंटची, म्हणजे बदलत्या क्षेत्राने धातूत उठणाऱ्या भोवऱ्यासारख्या प्रवाहांची, हानी वारंवारतेच्या वर्गाने वाढते, ती वेगळीच.

टेपच्या उभ्या पट्ट्या पाडल्या तर हिस्टेरेसिसची हानी त्या प्रमाणात घटते, पण त्या पट्ट्यांच्या जागा आपसांत फिरवल्या नाहीत तर त्या चुंबकीयदृष्ट्या पुन्हा एक होतात. रोबेल केबल नावाच्या, पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या केबलमध्ये ही अदलाबदल केलेली असते. हा सारा खटाटोप बदलत्या क्षेत्रामुळे, म्हणून बरेच जण अतिवाहक डीसी प्रवाहाच्या रोटरवर (मोटरच्या फिरत्या भागावर) ठेवतात आणि स्टेटरला (स्थिर भागाला) तांबेच बरे मानतात. तेथेही मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचे हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतली नको असलेली कंपने) रोटरपर्यंत पोहोचतातच. ते अडवायला रोटरभोवती धातूचे कवच घालतात, त्या कवचातही उष्णता निर्माण होते, आणि ते शीतकक्षाच्या आत बसवावे की बाहेर यावर पुष्कळ खल चालतो. आमच्या तासगावच्या मालकांनी त्याला अर्धे मिनिटही घेतले नसते.