तलावपाळीवरचं लाईफ जॅकेट

ही आपली ठाण्याची तलावपाळी. रविवारची गर्दी, आणि बोटवाले काका माझ्या आईला तिसऱ्यांदा सांगतायत ताई जॅकेट घाला, आणि आई म्हणतेय अहो साडी चुरगळते, इथे बुडून बुडून किती बुडणार. शेवटी घातलं. बक्कल मी लावलं, दोनदा सटकलं, आरामात अर्धा मिनिट गेला असेल.

तो अर्धा मिनिट लक्षात ठेवा. आता ९ डिसेंबर १९७१, दीवजवळचा समुद्र.

युद्ध सुरू होऊन सहा दिवस झालेले, आपल्या मिसाईल बोटींनी कराचीवर मारा केलेला, पण इकडे एक पाकिस्तानी पाणबुडी फिरतेय असा सुगावा लागला होता म्हणून तिला शोधायला आयएनएस खुकरी आणि आयएनएस कृपाण ही जहाजं पाठवली. नावं दोन्ही हत्यारांचीच. खुकरीवर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, मूळचे गोरखपूरचे, वय ४५. पाणबुडी शोधायची ती सोनारने, म्हणजे पाण्यात आवाज सोडायचा आणि तो आदळून परत येतो का ते ऐकत बसायचं. खुकरीच्या सोनारचा पल्ला कमी, तो वाढवायचा प्रयोग चालू होता, त्यासाठी स्पीडही कमी ठेवलेला. समोर हंगोर, फ्रेंच बनावटीची नवीकोरी पाणबुडी, तिने यांना केव्हाच हेरलं होतं.

रात्रीचे पावणेनऊ वाजून गेले होते. हंगोरचा टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून येणारा बाँब, बसला, लाईट गेले, जहाज एका बाजूला कलायला लागलं.

आणि हातात होती फक्त काही मिनिटं. मुल्लांनी जहाज सोडायचा हुकूम दिला, जे घुटमळत होते त्यांना अक्षरशः पाण्यात ढकललं, एका खलाशाकडे जॅकेट नव्हतं तर स्वतःचं काढून त्याला दिलं. म्हणजे अंधारात, कललेल्या जहाजावर, लावलेलं बक्कल सोडलं. पाण्यात पडलेल्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा साहेब ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, आपल्या खुर्चीत बसलेले होते.

१८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६७ जण वाचले. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

स्पीड कमी ठेवायला नको होता, यावर आजही लोक तावातावाने भांडतात, भांडोत. कॅप्टनने जहाजाबरोबर बुडलंच पाहिजे असाही काही नियम नाही, उडी मारली असती तर कोणी नावं ठेवली नसती. त्या जॅकेटवर मात्र कोणी वाद घालत नाही.

आपल्याकडची पोरं दीवला कशाला जातात ते मी सांगायला नको. पण गेलात तर चक्रतीर्थ बीचच्या बाजूला टेकाडावर खुकरी मेमोरियल आहे, काचेच्या पेटीत जहाजाची छोटी प्रतिकृती, तोंड समुद्राकडे. संध्याकाळी जा, दुपारी ऊन फार लागतं.